उपचाराची प्रतीक्षा आणि समाजाचे दायित्व

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळे आणि घणसोली यांच्या दरम्यान तळवली हे जुने गाव आहे. एके काळी भातशेती आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारी ही आगरी-कोळ्यांची वस्ती. पुढे या पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी गेल्या, गावठाण तेवढे उरले आणि त्याच्या चहूबाजूंनी नवी मुंबई उभी राहिली. आज या परिसरात रात्र कधी होते ते कळतही नाही, इतका दिव्यांचा लखलखाट असतो. परंतु अशा लखलखाटातही एखाद्या घरात दिवेलागण झाली की कुणी मूल भिंतीचा आधार शोधू लागते. ताटाजवळचा पेला त्याच्या हाताने सांडतो, जिन्याची पायरी चुकते, मैदानावर बाजूने येणारा चेंडू त्याला दिसत नाही. घरचे प्रथम रागावतात, मग ‘जीवनसत्त्वाची कमतरता असेल’ म्हणून गाजर आणि पालेभाज्या सुरू करतात. काही वर्षांनी मोठ्या रुग्णालयात तपासणी होते आणि तेव्हा प्रथमच ‘रेटिनायटिस पिग्मेंटोसा’ हे नाव कानी पडते. ‘हा आनुवंशिक विकार आहे, दृष्टी हळूहळू कमी होत जाईल’, असे डॉक्टर सांगतात. त्यावर प्रत्येक आईवडिलांचा प्रश्न एकच असतो : यावर औषध कधी येणार?

हा प्रश्न तळवलीतल्या घरात विचारला जातो, तसाच नागपूरच्या खेड्यात आणि पुण्याच्या पेठेतही विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर देणे हे डॉक्टरांचे काम आहेच. पण ते उत्तर लवकर यावे यासाठी झटणे हे समाजाचे आणि शासनाचेही काम आहे, याची जाणीव मात्र अजून पुरेशी झालेली नाही.

विकार दुर्मीळ, पण परका नव्हे

डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधूक प्रकाशात पाहण्याचे काम दंडपेशी करतात. रंग आणि बारकावे टिपण्याचे काम शंकुपेशी करतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसामध्ये आधी दंडपेशी मरतात. म्हणून प्रथम रातांधळेपणा येतो, मग दृष्टीचे क्षेत्र चहूकडून आक्रसत जाते आणि रुग्णाला नळकांड्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. अखेरीस शंकुपेशीही निकामी होतात. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रातांधळेपणा औषधाने बरा होतो. हा होत नाही. दोहोंचा आरंभ सारखा असल्यामुळेच निदानात मोलाची वर्षे वाया जातात.

जगात सर्वसाधारणपणे चार हजारांत एकास हा विकार असतो असे मानले जाते. भारतातील चित्र अधिक गंभीर आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने चाळिशीपुढील लोकांच्या केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण शहरात ९३० मागे एक, तर खेड्यात ३७२ मागे एक असे आढळले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिशीपुढील साडेचार हजारांहून अधिक ग्रामस्थांच्या त्या तपासणीत हे प्रमाण साधारण ७५० मागे एक इतके निघाले. याचा सरळ अर्थ असा की ज्याला पाश्चात्त्य ग्रंथ दुर्मीळ विकार म्हणतात, तो आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात आहे. तो दिसत नाही, कारण तो झाकला जातो.

उपचाराचे कालमापन

‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची आवश्यकता नाही. एका उदाहरणाचा इतिहासच पुरेसा बोलका आहे. जन्मजात अंधत्वाच्या लेबर या प्रकारास आरपीई-६५ नावाच्या जनुकातील बिघाड कारण ठरतो, हे १९९७ साली कळले. २००१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी याच विकाराने जन्मांध असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना निरोगी जनुक देऊन दृष्टी मिळवून दिली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून हे जनुक दृष्टिपटलाखाली पोहोचविण्यात आले होते. २००७ साली मानवी चाचण्या सुरू झाल्या आणि १९ डिसेंबर २०१७ रोजी ‘लक्स्टर्ना’ या औषधास अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे कारण सापडल्यापासून औषध हाती येईपर्यंत वीस वर्षे लागली. तीही जगातील सर्वात सुसज्ज प्रयोगशाळांत आणि प्रचंड निधी हाताशी असताना!

शिवाय ही कथा एका जनुकाची. दृष्टिपटलाचे आनुवंशिक विकार घडविणारी अडीचशेहून अधिक जनुके आतापर्यंत ज्ञात झाली आहेत. एका जनुकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. त्यातच वाहक विषाणूची ओझे उचलण्याची क्षमता मर्यादित आहे. स्टारगार्ट विकारास कारणीभूत असणारे जनुक त्या वाहकात मावतच नाही. म्हणून ‘उपचार आला’ किंवा ‘उपचार येणार नाही’ ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात. एका रुग्णासाठी तो आलेला आहे, दुसऱ्यासाठी तो उंबरठ्यावर आहे आणि तिसऱ्यासाठी त्याची पहिली वीटही रचली गेलेली नाही. आपला रुग्ण या तिघांपैकी कोणता, हे जनुकीय तपासणीखेरीज कळण्याचा मार्ग नाही.

हा मार्ग अपयशांनीही भरलेला आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लिंगसंलग्न रेटिनायटिस पिग्मेंटोसावरील जनुकोपचाराची एका बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनीची अंतिम टप्प्यातील चाचणी २०२५ साली ठरविलेले मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. ‘क्रिस्पर’ या जनुककात्रीचा थेट मानवी डोळ्यात पहिला प्रयोग २०२० साली झाला. त्यात सहभागी झालेल्या १४ जणांपैकी ११ जणांत काही ना काही सुधारणा दिसली, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्यापूर्वीच, २०२२ च्या अखेरीस, संबंधित कंपनीने हा प्रकल्प थांबविला होता. रुग्णसंख्या अत्यल्प, म्हणून बाजारपेठ अत्यल्प! आणखी बोलके उदाहरण ‘आर्गस-२’ या कृत्रिम दृष्टिपटलाचे. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे यंत्र जगभरातील साडेतीनशेहून अधिक रुग्णांच्या डोळ्यांत बसविले गेले. पुढे कंपनी आर्थिक संकटात सापडली, उत्पादन बंद पडले आणि डोळ्यात यंत्र घेऊन बसलेल्या माणसांना दुरुस्तीसाठी दार ठोठावायलाही कुणी उरले नाही. विज्ञान यशस्वी होऊनही व्यापार अयशस्वी झाला की रुग्ण पुन्हा अंधारात जातो, हा याचा धडा.

तरीही निराशेचे कारण नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार फ्रान्समधील एका ५८ वर्षीय रुग्णास, ज्याला अनेक दशकांपूर्वी रेटिनायटिस पिग्मेंटोसाचे निदान झाले होते, प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक देऊन समोरची वस्तू ओळखता येईल इतके दिसू लागले. या पद्धतीत कोणते जनुक बिघडले आहे याला महत्त्व नसते; म्हणून ती अनेकांना उपयोगी पडू शकते. याच दिशेने काम करणाऱ्या अमेरिकेतील एका कंपनीचे सहसंस्थापक समरेंद्र मोहंती हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्या औषधाची आरंभीची मानवी चाचणी भारतातच झाली. कोव्हॅक्सिनच्या निमित्ताने भारतीयांना परिचित झालेली ऑक्युजेन ही कंपनीदेखील अनेक जनुकदोषांवर एकच उपचार शोधण्याच्या अंतिम टप्प्यातील चाचणीत गुंतलेली आहे. आशा ठेवण्यास जागा आहे. तिला तारीख लावण्यास मात्र नाही.

किमतीचा डोंगर आणि स्वदेशीची वाट

समजा, उद्या औषध आले. ते तळवलीच्या घरात कसे पोहोचणार? लक्स्टर्नाची दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरविण्यात आली. त्या वेळच्या दराने सुमारे साडेपाच कोटी रुपये. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णास मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये वाढवून ५० लाख रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयासारखी उत्कृष्टता केंद्रे त्यासाठी नेमली गेली, हेही योग्यच झाले. परंतु साडेपाच कोटींच्या डोंगरापुढे ५० लाखांची शिडी उभी करून शिखर गाठता येत नाही. परदेशी औषध परदेशी किमतीला विकत घेत राहणे हा कोणत्याही विकसनशील देशासाठी मार्ग असू शकत नाही. मार्ग एकच : औषध येथे घडविणे.

हे स्वप्नरंजन नव्हे, आणि त्याचा पुरावा शोधण्यासाठी नवी मुंबईबाहेर जाण्याची गरज नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिला ‘कार-टी’ पेशी उपचार झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या संशोधकांनी घडविलेल्या या रक्तकर्करोगावरील उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील खर्चाच्या सुमारे एक दशांशात तो येथे उपलब्ध झाला. कार-टीमध्ये पेशी शरीराबाहेर काढून त्यांत जनुक घातले जाते आणि डोळ्याच्या उपचारात जनुक थेट दृष्टिपटलाखाली सोडले जाते, हा भेद खरा. पण औषधी दर्जाचे वाहक विषाणू बनविणे, त्यांची शुद्धता राखणे, चाचण्यांची शिस्त पाळणे ही विद्या एकाच कुळातील आहे. ती येथे रुजली आहे.

डोळ्याच्या बाबतीतही बीज पडलेले आहे, आणि तेही तळवलीच्या अगदी शेजारी. आनुवंशिक नेत्रविकारांत उपयोगी पडू शकेल असे जनुकोपचाराचे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरच्या प्रा. जयंधरन गिरिधर राव आणि शुभम मौर्य यांनी विकसित केले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे आशादायक परिणाम दिसले आणि २०२२ साली ते पुढील विकासासाठी रिलायन्स लाइफ सायन्सेस या कंपनीकडे सोपविण्यात आले. या कंपनीचे जीवविज्ञान केंद्र रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. ज्या गावांनी कारखान्यांसाठी भाताची शेते दिली, त्यांच्या कुशीतच असे औषध घडू शकेल ही शक्यता हृद्य आहे. मात्र प्राण्यांवरील यश आणि रुग्णाच्या हाती पडणारे औषध यांत केवढे अंतर असते, ते वर सांगितलेल्या कालमापनातून स्पष्ट झालेच आहे. हे अंतर खासगी कंपनीने एकटीने कापावे अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. ज्या विकाराला बाजारपेठ नाही त्यामागे शासनाचाच निधी उभा राहावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली जनुकोपचारासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. नियम झाले, आता निधी, रुग्णांची नोंदवही आणि कालबद्ध कार्यक्रम हवा.

यांतील नोंदवही हा कळीचा मुद्दा आहे. चाचणी सुरू करावयाची म्हटले तर कोणत्या जनुकाचे किती रुग्ण कोठे आहेत, हे आधी ठाऊक असावे लागते. जिल्हा रुग्णालयापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबाची, त्याच्या संमतीने आणि गोपनीयता राखून, नोंद झाली आणि जनुकीय तपासणी गरिबांना मोफत मिळाली तर चाचण्या आपल्या दारी येतील. अन्यथा परदेशातील चाचणीसाठी स्वयंसेवक हवे असतील तेव्हाही आपले रुग्ण कुणाच्या गणतीत नसतील.

घराच्या उंबरठ्याआड

शासनाला जाब विचारतानाच समाजाने स्वतःलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. मुलाला असा विकार निघाला की पहिला घाव सुनेवर पडतो. ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते!’ वास्तविक या विकाराच्या अनेक प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून सारखेच येते. दोघांची दृष्टी उत्तम असते आणि प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. काही प्रकारांत आई वाहक असते हे खरे, पण तिलाही ते जनुक तिच्या जन्मदात्यांकडून मिळालेले असते. ज्यात कुणाचा अपराध नाही, तेथे आरोपी उभा करणे हा निव्वळ अन्याय आहे.

दुसरा प्रश्न विवाहाचा. सपिंड विवाह टाळावा असा आपल्या धर्मशास्त्रांचा दंडक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही तो आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंत मान्य केला. मात्र रूढीचा अपवाद ठेवला. मामाच्या मुलीशी विवाह ही महाराष्ट्राच्या अनेक भागांतील रूढी त्याच अपवादात बसते. जवळच्या नात्यातील वधूवरांना एकाच पूर्वजाकडून आलेले समान सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, हे आधुनिक विज्ञान सांगते. ज्या घरात असा विकार आधीच आढळला आहे, तेथे तरी रूढीपेक्षा शास्त्राचा मूळ दंडक आणि जनुकीय समुपदेशन श्रेयस्कर ठरावे. आणि विवाह जुळविताना विकार लपविणे म्हणजे पुढच्या पिढीची वाट जाणूनबुजून अंधारात ढकलणे होय.

तिसरा प्रश्न फसवणुकीचा. ‘रातांधळेपणावर हमखास इलाज’ अशा जाहिराती, मूलपेशींची महागडी इंजेक्शने आणि परदेशी उपचारांची आमिषे यांमागे धावताना किती घरांचे दागिने आणि जमिनी गेल्या असतील, याची मोजदाद नाही. अंधत्व बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खरी चाचणी रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाही, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी अनेक कुटुंबे वाचतील. स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणेही निरुपद्रवी नसते. स्टारगार्ट विकारात अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळावयाच्या असतात.

नेत्रदानाविषयीचा एक गैरसमजही येथे दूर केला पाहिजे. दान केलेल्या डोळ्यातील पारपटल तेवढे दुसऱ्यास बसविता येते. दृष्टिपटल हा मेंदूच्याच ऊतींचा विस्तार आहे. त्याचे प्रत्यारोपण आजही शक्य नाही. नागपूर येथे २००८ साली स्थापन झालेल्या ‘सक्षम’सारख्या संस्थांनी पारपटलाच्या अंधत्वाविरुद्ध चळवळ उभी केली आणि ती मोलाची आहे. दृष्टिपटलाच्या रुग्णांसाठी मात्र दान हवे आहे ते वेळेचे, माहितीचे आणि आधाराचे. प्रत्येक नगरातील कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशी कुटुंबे शोधून त्यांना तपासणी, दिव्यांग प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण यांच्यापर्यंत पोहोचविले तर तेही दृष्टिदानच ठरेल.

प्रतीक्षा निष्क्रिय नसावी

औषधाची वाट पाहताना आयुष्य थांबवून ठेवणे हा रुग्णाचा सर्वात मोठा तोटा असतो. या विकारात पुढे येणारा मोतीबिंदू आणि दृष्टिपटलावरील सूज यांवर आज उपचार आहेत. रेफसमसारख्या काही विरळ प्रकारांत आहाराचे पथ्य पाळून ऱ्हास रोखता येतो. म्हणून ‘इलाज नाही’ या वाक्यावर समाधान मानून तपासणी सोडून देणे चुकीचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंधत्वाबरोबर क्षीणदृष्टीही मान्य केली असून शासकीय नोकऱ्यांत या दोहोंसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. पांढरी काठी, ब्रेल आणि बोलणारे संगणक व भ्रमणध्वनी यांचे शिक्षण थोडी दृष्टी शिल्लक असतानाच घेतले तर पुढचा प्रवास सुकर होतो. पण ‘लोक काय म्हणतील’ या भयाने काठी हाती घेतली जात नाही, आणि मग रस्त्यावरचा खड्डा लोकांपेक्षा निर्दय ठरतो.

विदर्भातील संत गुलाबराव महाराज बालपणीच दृष्टी गमावून बसले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जी ग्रंथसंपदा निर्माण केली, तिच्यापुढे डोळस पंडितांनीही हात जोडले. ‘प्रज्ञाचक्षू’ हे बिरुद त्यांना शोभून दिसले. आपल्याच काळात उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी सहाव्या वर्षी दृष्टी जाऊनही केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या २०१७ साली लागलेल्या निकालात देशात १२४ वा क्रमांक मिळविला आणि त्या प्रशासकीय सेवेत गेल्या. ही उदाहरणे उपचाराची गरज कमी करण्यासाठी नव्हेत. दृष्टी जाणे हे दुःखच आहे आणि त्याचे उदात्तीकरण करणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु ते दुःख म्हणजे आयुष्याचा पूर्णविराम नव्हे, एवढे त्यांतून शिकता येते.

तेव्हा ‘उपचार कधी येणार’ या प्रश्नाचे उत्तर असे : काहींसाठी तो आला आहे, काहींसाठी येत्या काही वर्षांत येईल, आणि अनेकांसाठी आणखी एका पिढीची प्रतीक्षा करावी लागेल. ती प्रतीक्षा किती लांबेल हे केवळ प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ठरविणार नाहीत. जनुकीय तपासणीसाठी पुढे येणारे कुटुंब, सुनेला दोष न देणारी सासू, नोंदवही ठेवणारे रुग्णालय, निधी देणारे शासन आणि येथेच औषध घडविण्याची जिद्द धरणारे उद्योग हे सारे मिळून ती ठरवतील. तळवलीच्या घरातले मूल आज दिवेलागणीनंतर भिंतीचा आधार शोधते आहे. औषध येईपर्यंत त्याला भिंतीऐवजी माणसाचा हात मिळावा, एवढे तरी आजच, कोणत्याही शोधाची वाट न पाहता, करता येण्यासारखे आहे.